चिंचेचा बुडखा आणि चंद्रामावशीचं दार

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. आज मला आधी एक प्रश्न विचारायचाय. माणसाच्या हातून चूक झाली. त्यानं ती सुधारली, झालेलं नुकसानही भरून द्यायला निघाला. मग त्यानं वर तोंडानं 'माझं चुकलं' म्हणायलाच पाहिजे का? — बघा, बायकांच्या बाजूला लगेच माना हलल्या! आणि पुरुषमंडळी देवळाच्या खांबाकडं बघतायत. खांब काही सांगायचा नाही. मी सांगतो. ऐका.

एका गावात हिंदुराव जगताप नावाचा गृहस्थ होता. तरुणपणी आखाडे गाजवलेला पैलवान. पंचावन्न उलटली तरी मान अजून बैलासारखी. त्याच्या अंगणात आज्यानं लावलेली चिंच होती, आणि तिची एक दांडगी फांदी शेजारच्या चंद्राबाई गुरवांच्या गोठ्यावर गेलेली. चंद्राबाई विधवा, सत्तरीला टेकलेली. एक म्हैस, आणि तिच्या दुधावर एकटीचं पोट. सगळी आळी तिला मावशी म्हणायची. मावशीनं दोन वर्षं हिंदुरावाला सांगितलं, की बाबा, फांदी आतून पोकळ झालीय, तेवढी उतरव. हा म्हणायचा, बघू. — आता 'बघू' म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे का? तुमच्या घरी रोज ऐकू येतं!

वैशाखात एका दुपारी वारं सुटलं आणि ती फांदी कडाडून गोठ्यावर आली. म्हैस जागच्या जागी गेली.

हिंदुराव आवाजानं उठला. खिडकीतून त्यानं सगळं बघितलं, मावशीचा हंबरडा ऐकला — आणि दाराला आतून कडी घातली. दुष्ट होता का? नाही हो! त्याला लाज वाटली. पण लाज वाटलेला माणूस आणि दुष्ट माणूस, दोघांचं बंद दार बाहेरून सारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माणसं लावून अख्खी चिंच पाडली. गड्याच्या हाती दावं देऊन आपल्या गोठ्यातली एक गाभण म्हैस शेजारी पाठवली. तासाभरात मावशीनं ती परत पाठवली. निरोप नाही, शिवी नाही, काही नाही. हा भडकला. पारावर बसून सांगायला लागला, की आज्याचं झाड तोडलं, दावणीची म्हैस सोडून दिली, आता म्हातारीला काय माझं मुंडकं पाहिजे? झालं. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं!

चिंच गेली, पण गुडघाभर बुडखा राहिला. नेमका दारातून नळाकडं जायच्या वाटेत. पावसाळ्यात त्याला धुमारे फुटायचे, हिंदुराव कोयत्यानं छाटायचा आणि म्हणायचा — काय म्हणायचा? बरोबर! बघू.

मग एका सकाळी त्याची बायको हौसाबाई कळशी घेऊन येताना बुडख्याला अडखळली. हातावर पडली, मनगट मोडलं. हिंदुराव जेवत्या ताटावरून अनवाणी धावला. प्लॅस्टर घालून तिला घरी आणलं आणि जाहीर केलं, की आठ दिवसांत हा बुडखा उपटतो, नाहीतर नाव सांगणार नाही.

आता गावात सल्ल्याला काय तोटा! एक म्हणाला, भोकं पाडून मीठ भर. दोन पोती मीठ गेलं, बुडखा ढिम्म. दुसरा म्हणाला, जाळ. तीन दिवस धुमसला. सगळा धूर मावशीच्या घरात. तिनं खिडकी लावून घेतली. तिसऱ्यानं जेसीबी आणला. तो आळीच्या तोंडाशीच अडकला आणि मागं घेताना पोस्टाची पेटी पाडून गेला!

शेवटी पैलवानानं कुदळ घेतली. स्वतः खणायला लागला. एकेक मूळ उघडं करायचं, कुऱ्हाडीनं तोडायचं. पाचव्या दिवशी सगळी मुळं तुटली, एक सोडून. ते मांडीएवढं मूळ सरळ मावशीच्या गोठ्याच्या भिंतीखाली गेलेलं. भिंतीचे चार दगड काढल्याशिवाय त्याला हात लागत नव्हता, आणि दगड काढायचे तर मावशीला विचारायला पाहिजे.

हिंदुराव खड्ड्यात बसून राहिला. हौसाबाई ओट्यावर, हात गळ्यात. त्यानं तिला म्हटलं, की तू जा आणि विचारून ये, बायकांचं बायकांत जमतं.

हौसाबाई म्हणाली, "मी पडले तेव्हा तुम्ही ताटावरून धावत आलात. तिची म्हैस पडली तेव्हा कडी घालून बसला होतात. ते मी जाऊन कसं निस्तरू?"

मंडळी, आखाड्यात त्याला कुणी असं पाठीवर पाडलं नव्हतं. तो उठला, अंगावरची माती तशीच, आणि मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलेलं. दार उघडलं आणि सगळं विसरला.

"मावशी, फांदीचं तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. म्हैस माझ्यामुळं गेली. आणि मी घरात लपून बसलो. माझं चुकलं."

तुम्हाला वाटलं असेल, मावशीनं डोळे पुसले आणि चहा टाकला. छे! मावशी म्हणाली, "आत ये. बस. आता मला रागवू दे. सहा वर्षं रागवायला माझ्यासमोर कुणी नव्हतं."

आणि तिनं त्याला गोठ्यात नेऊन रिकाम्या दावणीपाशी बसवलं. तासभर बोलली. म्हशीचं नाव हरणी होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. दूध बंद झाल्यावर सत्तराव्या वर्षी ती दुसऱ्याच्या रानात मजुरीनं तण भांगलायला जायला लागली, ते कळलं. गड्याबरोबर आलेली म्हैस बघून आपण कुणीच नाही असं तिला वाटलं, तेही कळलं. हिंदुराव मान खाली घालून ऐकत होता. एकदाही 'पण' म्हणाला नाही. पैलवानाच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी कुस्ती!

बोलून संपल्यावर मावशी उठली आणि भिंतीचा पहिला दगड तिनंच हलवला. दुपारपर्यंत मूळ तुटलं. साखळी लावून आळीतल्या दहाजणांनी बुडखा ओढून काढला.

आणि म्हैस? हिंदुरावानं पुन्हा विचारलं, या वेळी स्वतः. मावशी म्हणाली, आता शेणघाण झेपत नाही; रोज तांब्याभर दूध दे, पण गड्याबरोबर नको, तू आणून दे. ती होती तोवर, चार वर्षं, तो रोज सकाळी दूध घेऊन तिच्या ओट्यावर बसायचा.

झाड तोडणं सोपं गेलं त्याला. म्हैस देणंही सोपं गेलं. दोन शब्दांना सहा वर्षं लागली. आणि ज्याला ते शब्द हवे असतात, त्याला दुसरं काहीही दिलं तरी तो ते परत पाठवतो.

आता तुमच्याकडं वळतो. का बरं, चुळबूळ सुरू झाली! इथं बसल्या बसल्या प्रत्येकाला एक नाव आठवलंय. मला सांगू नका. देवालाही सांगू नका, त्याचं तुम्ही काही बिघडवलेलं नाही. आता आरती होईल, हातावर प्रसाद पडेल. तो घेऊन सरळ घरी जाऊ नका. थोडी वाट वाकडी करा आणि त्या माणसाची कडी वाजवा. आणि त्यानं रागवायला सुरुवात केली, तर खाली बसा.