बॅटरी पंप, तिप्पट औषध आणि उकंडाभाऊंचा कोंबडा

पोलीस ठाणे घाटंजी. दिनांक २२ ऑगस्ट २०२५, वेळ सकाळी ११.४०.

मी मैत्रेयी धर्मपाल मुनेश्वर, वय २९ वर्षे, व्यवसाय संगणक प्रोग्रामर, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ. आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी आईवडिलांसह राहते व पुण्याच्या एका कंपनीचे काम घरून करते. माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. मीच तक्रार घेऊन आले आहे आणि ती थोडी माझ्याविरुद्धही आहे. हे वाक्य हवालदार साहेबांनी मला दोनदा विचारून मगच लिहिले आहे.

नोकरीशिवाय मी 'बोलका डबा' नावाचे मोबाइल ॲप केले आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा मजकूर मुंगीच्या अक्षरात असतो आणि फवारणी करणाऱ्या बऱ्याच जणांना तो वाचता येत नाही. या ॲपमध्ये डब्याचा फोटो काढायचा, आपला पंप कोणता त्या चित्रावर बोट ठेवायचे, की एका पंपाला औषध किती टाकायचे ते मोबाइल बोलून सांगतो. वऱ्हाडीतही सांगतो आणि कोलामीतही. आवाज यंत्राचा नाही. तो उकंडा लेतू आत्राम, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा फवारणीची मजुरी, राहणार याच तालुक्यातील एक कोलामपोड, म्हणजे कोलामांची वस्ती, यांचा आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या अंगणात बाजेवर बसून आम्ही शंभरावर वाक्ये आणि सगळे आकडे रेकॉर्ड केले. ते आता माझ्यासोबत आले असून येथे बाकावर बसले आहेत.

रेकॉर्डिंग चालू असताना त्यांचा कोंबडा मध्येच आरवला. 'नऊ' या आकड्यामागे तो खणखणीत ऐकू येतो, आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी नलूबाई यांचे "हाकला ना त्याले" हे शब्द. मी ते पुसणार होते. उकंडाभाऊ म्हणाले, "राहू दे वं. आयकनाऱ्याले वाटन, खरंच कोनी मानूस बोलून राह्यला." म्हणून ठेवले. तेव्हापासून आमच्या ॲपमध्ये जेथे जेथे नऊ येते, तेथे कोंबडा आरवतो. ही बाब पुढे लागणार आहे.

सदर ॲपचा सगळा कोड मी पहिल्या दिवसापासून इंटरनेटवर उघडा ठेवला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, विकला तरी आमची ना नाही. त्यावर हवालदार साहेबांनी विचारले, "मंग मॅडम, चोरी कायची झाली?" विचारल्यावरून सांगते की, चोरी झाली असे माझे म्हणणेच नाही. शेजारणीला विरजण दिले म्हणून आपल्या घरचे दही कमी होत नाही, तसेच फाइलचे आहे. पोडावर नेट मिळत नाही, म्हणून लोक बाजाराला आले की एकमेकांच्या मोबाइलमधून ॲप टाकून घेतात. एकदा मी मिरच्या घेत होते, तर पलीकडच्या दुकानातून उकंडाभाऊंचा आवाज आला! ज्याच्या हातात तो मोबाइल होता त्याला मी ओळखतही नव्हते, त्याला कोणी दिले तेही कळले नाही. मी इतकी हरखले की मिरच्या तेथेच विसरून घरी आले. आई अजून त्यावरून बोलते. येथे हवालदार साहेबांनी मला सावकाश बोलण्यास सांगितले.

या कामात आम्ही चौदा जण आहोत. पैकी एक इसम ब्राझील देशात राहतो, तिकडेही कापूस होतो असे त्याने कळवले आहे. टोपणनाव 'लाल मुंगी'. खरे नाव, वय, पत्ता मला ठाऊक नाही. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसावर भरवसा कसा ठेवता, असे विचारले असता सांगते की, त्याचे काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेले असते, ओळ न ओळ तपासता येते. ओळखीच्या माणसाचे काम आपण इतके कुठे तपासतो? मला तर कधी कधी वाटते, सगळ्या कचेऱ्यांचे काम असेच उघड्यावर चालावे. हे शेवटचे वाक्य जबाबाच्या विषयाचे नाही, पण मी बोलले आहे.

आमची अट एकच आहे. चौदा जणांची नावे असलेली फाइल काढायची नाही, आणि सर्वांत शेवटी उकंडाभाऊंच्या आवाजातले एक वाक्य आहे, तेही काढायचे नाही. ते वाक्य असे: "मी उकंडा. ह्याच्यात काही चुकलं असन तं सांगा." त्यानंतर माझा मोबाइल नंबर येतो.

आता चुकीबाबत सांगते. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाला पाणी कमी लागते, म्हणून त्यात औषध हातपंपाच्या तिप्पट धरतात. बॅटरीच्या पंपालाही मोटर असते, म्हणून जून महिन्यात नवीन कोड लिहिताना मी बॅटरी पंपही पॉवर पंपातच धरला. माझे वडील पोस्टात होते, मी स्वतः पाठीवर पंप कधी घेतलेला नाही. दिनांक ७ जूनला ही प्रत बाहेर गेली. १८ जूनला उकंडाभाऊंनी स्वतःचाच आवाज ऐकला आणि नलूबाईंच्या मोबाइलवरून मला फोन केला. म्हणाले, "पोरी, बॅटरीच्या पंपाले तिप्पट काहून? बॅटरी निस्ता दांडा हालवाचं काम करते. पानी तं तेवढंच लागते. माया तोंडून उलटं काहून वदवून राह्यली?" चूक माझी आहे, असे मी त्याच क्षणी सर्वांसमोर लिहून टाकले. चाळीस मिनिटांत लाल मुंगीची दुरुस्ती आली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चूक धरली आणि ज्याने घाटंजी कधी पाहिली नाही त्याने ती काढली! हे जबाबात कशाला, असे हवालदार साहेब म्हणाले. मी हात जोडले, तेव्हा त्यांनी लिहिले. त्या वेळी फवारणी सुरू व्हायची होती, त्यामुळे कोणाला अपाय झाला नाही.

परवा दिनांक २० ऑगस्ट रोजी दुपारी एकच्या सुमारास बसस्टँडसमोर मला हिरासिंग धावजी राठोड, वय ४५ वर्षे, शेतकरी, राहणार याच तालुक्यातील एक तांडा, भेटले. औषध विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसांनी त्यांच्या मोबाइलमध्ये नवीन ॲप टाकून दिले होते, ते त्यांनी मला कौतुकाने दाखवले. कंपनीचे व ॲपचे नाव मी वेगळ्या अर्जात दिले आहे. रंग वेगळा, चित्रे वेगळी, नाव भारदस्त. हिरासिंग यांनी बोट ठेवले, आणि मोबाइलमधून उकंडाभाऊ बोलले, "नऊ मिली." मागे कोंबडा. मागे नलूबाई. मला हसूच फुटले. एवढ्या मोठ्या कंपनीने आमचा कोंबडा नेला, माझा आनंद पोटात मावेना. मी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरचे लोक बघत होते.

हसता हसता माझ्या ध्यानात आले की कोंबडा आरवायलाच नको होता. त्या औषधाचे प्रमाण तीन मिली आहे आणि हिरासिंग यांचे बोट बॅटरी पंपावर होते. कंपनीने ७ ते १८ जूनच्या मधली, म्हणजे माझ्या चुकीची प्रत उचलली होती. नावांची फाइल काढून टाकली होती, शेवटचे वाक्य आणि नंबरही. हिरासिंग यांनी त्या प्रमाणाने आदल्या दिवशी सहा पंप मारले होते. त्यांना उलटी झाली होती व डोके गरगरत होते. ते म्हणाले, "मले वाटलं ऊन लागलं." मी त्यांना लगेच दवाखान्यात नेले. आता त्यांची तब्येत बरी आहे. सांगायला कोणाचा नंबर नव्हता, म्हणून त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

मी त्याच दिवशी कंपनीला फोन केला, ईमेल केला, दुरुस्तीची फाइलही पाठवली. काल उत्तर आले, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात लिहिले आहे की, सदर ॲप आमच्याच तज्ज्ञांनी तयार केले असून आपला त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, बदनामी केल्यास कारवाई करू. ते वाचून हवालदार साहेब म्हणाले, "मॅडम, कंपनी सोता लिहून देऊन राह्यली का तुमचा संबंध नाही. तुमी तं सुटल्या. कायले अंगावर घेता?"

विचारल्यावरून सांगते की, मला सुटायचे नाही. संबंध आहे. नाव पुसले म्हणून चूक माझी राहत नाही असे होत नाही. मला नाव मिरवायला नको आहे. नाव असले म्हणजे ज्याचे डोके गरगरले तो मला फोन करून शिव्या देऊ शकतो, आणि शिव्या पोचल्या की मी चूक काढू शकते. आमचे सगळे काम या एवढ्यावर चालते. ती चूक माझीच आहे याचा पुरावा म्हणून दोन्ही ॲपमधला कोंबडा मी पेन ड्राइव्हमध्ये आणला आहे. तो जमा करून घ्यावा. याच वेळी उकंडाभाऊ बाकावरून म्हणाले, "अन् आवाज मायाच हाय ना साहेब. लोकं म्हनतीन, उकंड्यानं सांगतलं होतं."

येथे हवालदार साहेबांनी पेन खाली ठेवून उकंडाभाऊंना विचारले, "बॅटरीच्या पंपाले मंग तीनच ना?" उकंडाभाऊ म्हणाले, "तीनच." हवालदार साहेबांनी गावी त्यांच्या वडिलांना फोन लावला व मोबाइलमध्ये औषधाचे कोणते ॲप आहे ते लावून, बॅटरी पंपावर बोट ठेवून ऐकवण्यास सांगितले. फोनमधून कोंबडा मलाही ऐकू आला. हवालदार साहेबांनी वडिलांना पंप आत्ताच्या आत्ता उतरवून ठेवण्यास सांगितले. हा मजकूर घालण्यास मी सांगितलेले नाही, त्यांनी आपण होऊन घातला आहे.

तरी माझी विनंती की, सध्या तालुकाभर फवारणी चालू आहे, कंपनीला तिचे ॲप आजच दुरुस्त करायला लावावे आणि ते ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे त्या सर्वांना कळवायला लावावे. दुरुस्ती तयार आहे, त्यांनी फुकट न्यावी. शेवटचे वाक्य व नंबर परत घालावा.

जबाब पूर्ण झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. 'चूक माझी आहे' हे वाक्य खोडू का, असे हवालदार साहेबांनी जाता जाता विचारले. ते खोडलेले नाही. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले असून खरे आहे, म्हणून सही करते. वाचन संपताच उकंडाभाऊ सवयीने जे बोलले, तेही आम्हा तिघांच्या संमतीने सहीच्या खाली घेतले आहे.

मी उकंडा. ह्याच्यात काही चुकलं असन तं सांगा.