लाखेचे सील मीच फोडले

नाव पहिल्या कागदावर घेतले आहे. कचेरीत आणि गल्लीत मला 'लाखवाले काका' म्हणतात, तसे विचारले तर कोणीही घर दाखवील. वय छप्पन्न. राहणार लाँड्रीच्या मागे, दुसरा मजला. धंदा या रकान्यात आधी 'बेकार' लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावले. तिथे 'अडकलेली जनावरे सोडवणे' असे लिहावे. मी आज शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून, मला कोणी बोलावले नव्हते व कोणी दमही दिलेला नाही. विचारल्यावरून सांगतो ते असे.

कोर्टाच्या हुकुमाने घरे-दुकाने सीलबंद करणारी जी कचेरी आहे, तिथे मी सत्तावीस वर्षे नोकरीला होतो. कामाची रीत ठरलेली. माणसे आणि त्यांचे रोजच्या वापराचे सामान बाहेर निघाले की, बाकीचे आतच ठेवून, दारात उभे राहून तीन वेळा "कोणी आहे का आत?" अशी हाक मारायची. उत्तर नाही आले की दार ओढून कुलूप घालायचे, कुलपाला कापड गुंडाळायचे, वर लाख वितळवून ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा. मग पंचनाम्यावर 'आत कोणी नाही' असे लिहून सही. माझा हात इतका बसला होता की तिसरी हाक संपायच्या आत मेणबत्ती पेटलेली असायची. त्याचा मला अभिमान होता, हेही लिहून घ्यावे.

सव्वादोन वर्षांपूर्वी मी गालिच्यांचे एक दुकान सील केले. तीन हाका मारल्या, कोणी बोलले नाही. एकोणिसाव्या दिवशी मालाची यादी करायला आम्ही ते उघडले. दाराला लागूनच मांजर पडलेले होते. दाराच्या आतल्या बाजूला खालून वीतभर उंचीपर्यंत रंग खरवडून लाकूड उघडे पडले होते. मी यादी लिहिली. गालिचे एकसष्ट, खुर्च्या चार, टेबल एक, मांजर एक, मृत. आमचे मोठे कारकून म्हणाले, "मांजर काय माल आहे? खोडा ते." मी खोडले. सत्तावीस वर्षांत वरिष्ठांचा शब्द मी कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. पण त्यानंतर कुठल्याही दारात हाक मारली की मी आधी दाराच्या आतल्या बाजूला खाली बघू लागलो. महिनाभरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निवृत्तीला चार वर्षे उरली होती.

माझ्या बायकोचे म्हणणे विचारल्यावरून सांगतो. अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं लोकांची दारं बंद केलीत, आता उघडत हिंडा. पण आंघोळ केल्याशिवाय माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही." मी पाच महिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिंजरे धुतले. कुठले जनावर कसे धरायचे ते त्यांच्याकडे शिकलो. आता गटारे, पाइप, बंद दुकाने, गाडीचे बॉनेट, कुठूनही बोलावणे आले की जातो. माझ्याजवळ एक जाळी, एक टोपली, हातोडी, करवत आणि वेल्डिंगचा डाव्या हाताचा मोजा आहे. उजव्या हाताचा एका बोक्याने नेला.

माझ्या जागेवर कचेरीत जी मुलगी आली तिला मीच काम शिकवले. दोन वर्षे झाली तरी सगळे तिला 'नवीन' म्हणतात, कारण कायम झाल्याचा कागद अजून तिच्या हातात पडलेला नाही. तिला मी शिकवले ते असे, "तीन हाका मारायच्या आणि लगेच काडी ओढायची. रेंगाळलीस की लोक रडायला येतात, मग तुलाच जड जातं." ती तसेच करते. यात तिचा दोष नाही.

काल शुक्रवारी दुपारी तीन वाजता नवीनने शिंप्याच्या दुकानावरची खोली सील केली. पंचनाम्यावर 'आत कोणी नाही' अशी तिची सही आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी मला फोन आला, की त्या खोलीत कुत्री राहिली आहे, आतून दार खरवडते आहे. फोन कोणाचा होता हे मला आठवत नाही. नंबर मोबाइलमध्ये दिसत नाही, कारण तो मी पुसला. का पुसला, तर मला नंबर पुसायची सवय आहे. आवाज बाईचा होता की पुरुषाचा हे सांगता येणार नाही, कारण बोलणारी व्यक्ती रडत होती.

मी साडेपाचच्या आत कचेरीत पोहोचलो. मोठे कारकून कपाटाला कुलूप घालत होते. त्यांनी मला बसा म्हटले, पण स्वतः उभेच राहिले. म्हणाले, "सोमवारी अर्ज द्या. बुधवारपर्यंत हुकूम निघेल." मी म्हटले, "अहो, पत्र्याखालची खोली आहे. या उन्हात बुधवारपर्यंत ती जगेल का?" ते म्हणाले, "काका, तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" नवीन तिच्या टेबलापाशी खाली मान घालून बसली होती. आमचे बोलणे झाले नाही. तिथून मी या ठाण्यात आलो. सीलबंद दाराला आम्ही हात लावत नाही असे मला सांगण्यात आले. सांगणारे हवालदार आता माझ्यासमोरच बसले आहेत व त्यांची मान्यता आहे.

आज सकाळी घरातून निघताना मी खिशात पातळ पात्याची सुरी घेतली होती. पाते गरम करून लाखेखालून फिरवले तर सील अख्खे निघते, आणि परत तसेच चिकटवता येते. शिक्का जशाचा तसा राहतो, आणि कुलूप तारेने उघडते. हे मला येते. नोकरीत असे कधी केले नाही. बायकोने सुरी पाहिली आणि म्हणाली, "उघडा, तिला काढा, परत चिकटवा. कोणाच्या बापाला कळणार आहे?" मला ते पटले होते. शिंप्याच्या दुकानापर्यंत मी तेच करायच्या विचाराने गेलो. पण जिना चढताना असे मनात आले, की उद्या त्या खोलीतला एक चमचा जरी कमी भरला तरी विचारतील कोणाला, तर जिची सही आहे तिला. सील शाबूत, म्हणजे जे काय झाले ते तिच्या हातून झाले. म्हणून सुरी खिशातच ठेवली. शिंप्याला वर बोलावले आणि त्याच्यादेखत सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी हातोडीने सील फोडले. कुलूपही, किल्ली असणाऱ्यांवर संशय नको म्हणून, करवतीने कापले. त्याला वीस मिनिटे लागली. करवत चालू असताना आतला आवाज थांबला होता. ती वीस मिनिटे मला जड गेली.

दार उघडले. आत उंबऱ्यालगत फरशी ओली होती आणि बिस्किटांचे तुकडे पडलेले होते. दाराखालून पाणी ओतून बिस्किटे आत सरकवली असावीत. कोणी सरकवली मला माहीत नाही. शिंप्याने सांगितले की काल संध्याकाळी दुकान बंद करीपर्यंत जिन्यात कोणीतरी बसून दाराशी बोलत होते, आपण वर जाऊन पाहिले नाही. ही कुत्री जिन्यातच झोपते, सामान काढताना दार उघडे होते तेव्हा आत शिरून घाबरून ओट्याखाली लपली असणार, असे त्याचे म्हणणे आहे. मलाही तसेच वाटते. तीन हाकांना तिने उत्तर का दिले नाही याचा विचार मी टोपली घेऊन ओट्यापुढे गुडघ्यावर बसलो असताना केला. ओरडून विचारणाऱ्या माणसापुढे कोण बाहेर येईल? मी सत्तावीस वर्षे ओरडून विचारत आलो आणि एकदाही दाराला कान लावून गप्प उभा राहिलो नाही. मला याची लाज वाटते.

कुत्रीला बाहेर काढताना ती माझ्या उजव्या हाताला चावली. चार दात लागले आहेत. इंजेक्शन घेतले आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे. खोलीतल्या कशालाही हात लावलेला नाही. दाराला माझे स्वतःचे कुलूप घातले असून किल्ली या टेबलावर ठेवली आहे. लाखेचे तुकडे जेवणाच्या डब्यात भरून आणले आहेत. गुन्हा माझा एकट्याचा आहे. पेन्शन थांबेल असे ठाण्याच्या साहेबांनी समजावून सांगितले. घरी बायकोला याची कल्पना आधीच देऊन आलो आहे. ती म्हणाली, "डबा तेवढा परत आणा."

जबाब चालू असताना साडेअकराच्या सुमारास सील ओळखण्यासाठी कचेरीकडून नवीनला बोलावण्यात आले. कुत्री तोपर्यंत बाकाखाली भिंतीला तोंड करून बसलेली होती व कोणालाही जवळ येऊ देत नव्हती. नवीनने दारातून "येऊ का, साहेब?" एवढेच विचारले. कुत्री उठली, बाकाखालून निघाली आणि सरळ तिच्याकडे जाऊन तिच्या पायांवर चढू लागली. नवीनने तोंड फिरवले. साहेबांनी मला पुन्हा विचारले की काल फोन कोणाचा होता. मी सांगितले, आठवत नाही. ही कुत्री हिला कशी ओळखते, असे विचारले. मी सांगितले की कुत्रीला माणसांचा लळा फार, ती कोणाच्याही अंगावर प्रेमाने चढते. साहेबांनी माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिले. मग त्यांनी नवीनला बसायला खुर्ची दिली आणि तिला सीलबद्दल सोडून दुसरे काही विचारले नाही.

मी हजर केलेल्या वस्तूंची यादी करण्यात आली. करवत एक, हातोडी एक, कापलेले कुलूप एक, डबा एक लाखेच्या तुकड्यांसह. त्याखाली आणखी एक ओळ घालावी अशी मी विनंती केली. हवालदार म्हणाले की जनावर यादीत बसत नाही. मी म्हटले की ती ओळ घातल्याशिवाय मी सही करणार नाही, मागे एकदा मी खोडली होती. साहेबांनी कागद आपल्याकडे ओढून ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. कुत्री एक, जिवंत.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, एकही अक्षर खोडायचे नाही. उजव्या हाताला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.