चिमणीचा रक्तदाब

मुलांनो, अशी कल्पना करा, की दवाखान्याच्या बाकावर तुमच्या एका बाजूला दोन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसली आहे आणि दुसऱ्या बाजूला निवृत्त झालेल्या एक सिस्टर. सिस्टर मघापासून त्या मुलीकडेच बघतायत.

"जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेली आमची चिमणी ना ही? केवढी झाली गं!"

"तीच, सिस्टर. तुम्ही हिचे लंगोट वजनकाट्यावर ठेवायचात."

"सू किती झाली ते कळायला. दोन दिवस लंगोट कोरडाच. आणि मग एकदम बारा ग्रॅम!"

"केवढ्यांदा ओरडला होतात!"

"ओरडले कुठे? जरा मोठ्याने सांगितलं."

"खालच्या मजल्यावर ऐकू आलं!"

"अगं, मूत्रपिंडं जागी झाली होती! हळू कसं सांगणार? आज काय काढलंत?"

"रक्तदाब. मूत्रपिंडांना तेव्हा मार बसला, म्हणून अजून तपासतात. दोनदा जास्त आला, पण दोन्ही वेळा ही रडत होती. रडताना आकडा चढतो म्हणे. आजही चढला तर औषध सुरू. आणि ही तर दंडाला बांधायचा पट्टा दिसला की भोकाड पसरते."

"आतून तो पट्टा मागून आण, आधी मला बांध. तेव्हा हिचा पट्टा माझ्या अंगठ्याएवढा होता गं... बघ हं चिमणे, आता मी रडते. ऊं... ऊं..."

"सिस्टर, तुम्ही तर खरंच रडताय!"

चिमणी मांडीवरून उतरली. तिने सिस्टरांचे डोळे फ्रॉकने पुसले, "ललू नको" म्हणाली आणि आपला हात पुढे केला.