बेचक्यातला पिंपळ

मावशी : पिंपळ तेवढा काढायचा. कडुनिंबाला हात लावायचा नाही. फोनवर हेच सांगितलं होतं ना मी तुला?

झाडवाला : सांगितलं होतं, मावशी. पण फोनवर झाड दिसत नाही. आता कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकतो, तुम्हीच ऐका. कसं वाजतंय?

मावशी : पोकळ.

झाडवाला : बेचक्यापासून खालपर्यंत आत नुसता भुसा आहे. त्या पोकळीतून पिंपळाची मुळं जमिनीत उतरलीत, मनगटाएवढी जाड. आता कडुनिंबाची साल कुठं संपते नि पिंपळाची कुठं लागते, हे पंचवीस वर्षं हेच काम करून मलाही सांगता येत नाही. पिंपळ काढला की कडुनिंब तुमच्या स्वयंपाकघरावर.

मावशी : म्हणजे मेल्यानं पोखरलं की झाड.

झाडवाला : त्यानं नाही हो. कधीतरी फांदी मोडली असेल, तिथून पाणी आत मुरलं. पिंपळानं उलट धरून ठेवलंय.

मावशी : तू काम टाळतोयस.

झाडवाला : टाळतोय? दोन्ही पाडा म्हणालात तर चांगलं तीन दिवसांचं काम आहे मला. पाडू?

मावशी : जीभ आवर. कडुनिंब ह्यांनी लावलाय, आमचं लग्न झालं त्या वर्षी.

झाडवाला : मग राहू द्या दोन्ही. मी वरचा भार हलका करतो. वारा कमी लागेल, अजून पुष्कळ वर्षं उभं राहील.

मावशी : तुला नाही कळायचं. सुतार माणूस होते हे. आपल्या झाडात दुसरं काही रुजलेलं त्यांना खपायचं नाही. दरवर्षी शिडी लावून स्वतः चढायचे आणि बेचक्यातलं रोप उपटायचे. मुळाचा तुकडा आत राहायचा, पुढच्या वर्षी पुन्हा पालवी. पुन्हा शिडी.

झाडवाला : मग मध्येच सोडून का दिलं?

मावशी : कुणाच्या तरी छपराचं काम करताना पडले. कमरेखालचं सगळं गेलं. सहा वर्षं अंथरुणावर काढली, आता जाऊन तेरा महिने झाले. पण पडल्यापडल्याही डोक्यात तेच. "पिंपळ काढलास का गं?" मी म्हणायचे, उद्या माणूस बोलावते. त्यांची कूस बदला, औषधं द्या, अंथरूण धुवा, ह्यात माणूस शोधायला कुठं जाऊ? शेवटी एकदा वैतागून सांगून टाकलं, काढला म्हणून.

झाडवाला : आणि त्यांना पटलं?

मावशी : नुसतं सांगून कसं पटेल? मागं पाण्याच्या टाकीच्या भिंतीत पिंपळाचं रोप होतं, त्याची डहाळी तोडून नेऊन दाखवली. त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, उशाशी ठेवली. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचे, आता परत फुटला असेल ना? की मी पुन्हा एक डहाळी घेऊन हजर. टाकीवरचं रोप बोडकं करून टाकलं मी. इतकी वर्षं त्या माणसाशी खोटं बोलले रे. आता तरी खरं होऊ दे. काढ तो.

झाडवाला : मावशी, तेव्हा खरंच काढला असतात तर त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं झाड आडवं झालं असतं.

मावशी : मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस.

झाडवाला : कुणाला बरं वाटेल असं बोलायला मला जमत नाही. आमच्या घरी विचारा.

मावशी : भार हलका करायचा म्हणजे काय काय जाईल?

झाडवाला : दोन्हीच्या तीन-चार फांद्या. दोरानं एकेक खाली सोडतो. दुसरा दोर तुमच्या खिडकीच्या गजांना बांधला, तर फांदी झुलून पत्र्यावर यायची नाही. आत येऊ?

मावशी : ये. पलंग मात्र हलवू नकोस, त्यांचा आहे.

झाडवाला : नाही हलवत. खाली बसून शेवटच्या गजाला बांधतो. मावशी, त्यांची उशी कुठल्या बाजूला असायची?

मावशी : त्या भिंतीकडे. तोंडावर उजेड यावा म्हणून. बाहेरचं काही दिसत नाही तिथून, वरचा छज्जा आड येतो.

झाडवाला : उभं राहिलं की येतो. मी खाली बसलोय. तुम्ही जरा पलंगावर आडव्या होऊन बघा.

मावशी : काहीतरीच काय.

झाडवाला : बघा तर. अजून खाली. उशीला डोकं लागू द्या. काय दिसतंय?

मावशी : बेचकं.

झाडवाला : आणि पिंपळ?

मावशी : सगळा दिसतोय. पानं हलताहेत, तीसुद्धा.

झाडवाला : म्हणजे मावशी, त्यांना...

मावशी : दिसत होता. पहिल्यापासून.

झाडवाला : तरी डहाळी ठेवून घ्यायचे?

मावशी : डहाळी दाखवली की म्हणायचे, "दमली असशील, टेक जरा इथं." प्रत्येक वेळी म्हणायचे. आणि मी म्हणायचे, मला कामं पडलीत.

झाडवाला : दोर बांधून झालाय. मी चढू का वर?

मावशी : चढ. मी आहे इथंच, बसते जरा.