आखूड बोल्ट

आमच्या दिनूने बोटीवरच्या कमाईतून जुनी स्पोर्ट्स कार घेतली, ती तुम्ही बघितलीच असेल. चाकं रुंद दिसावीत म्हणून त्याने आत स्पेसरच्या जाड चकत्या बसवल्या. मी म्हटलं, “जुने बोल्ट आखूड पडतले रे. चकतीच्या जाडीएवढे आणखी लांब होये.”

“लांब मागवलेत. आज फक्त आंबोलीक जावन येतंव.”

शेजारी त्याचा धाकटा भाऊ संजू बसला. बोल्टांचे जेमतेम दोन-तीन आटे धरले होते. घाटात ते सुटले, चाक निखळलं आणि गाडी कठड्यावर आदळली. दिनूला खरचटलंही नाही. संजूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर संजूने दिनूला विचारलं, “गाडयेक जास्त लागला नाय मा?”

 उत्तर मीच दिलं, “नाय रे. गाडी बरी आसा.”