पहिल्या धारेचा मान

—न्हाय न्हाय, भिऊ नका पावणं, बैलगाडी दिसली हुती मला. दिसली हुती की! उसानं भरलेली एवढी मोठी गाडी, न दिसायला काय झालं? जरा जवळ आल्यावर दिसली एवढंच. आज धुकं लई हाय न्हवं. पौषात ह्या गगनबावड्याच्या रस्त्याला असंच असतंय, कळं गाव मागं पडलं की आपल्याच गाडीचं नाक दिसत न्हाय. तुम्ही आपलं निवांत बसा. अठरा वर्सं टॅक्सी मारतोय, सयाजी डायवर म्हणून कोल्हापूरच्या स्टँडावर कुणालाबी इचारा — आजपतोर चाकाखाली कोंबडीसुद्धा आली न्हाय.

डोळं? लाल हैत व्हय? जागरण हो, दुसरं काय. चार दिवस गाडीवर हुतो. गोव्याला गेलतो — आता तुमच्यापासनं काय लपवायचं — दारूचं कारखानं बघाय. हसू नका! मंगळवार पेठेतलं बाळासो, गुळाचं व्यापारी, त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. गुळात काय ऱ्हायलंय आता, म्हणं, आपण व्हिस्कीचा कारखाना काढायचा. मग आधी दुसऱ्यांचं बघाय नको? बरोबर त्र्यंबक मास्तर घेतलं, शाळेत रसायन शिकीवत्यात, म्हणून तज्ज्ञ. घराएवढी तांब्याची हंडी, तितला सायेब इंग्रजीत सांगतोय, मास्तर वहीत लिवतंय, अन् बाळासो परत्येक नळाखाली पेला धरून — 'ह्यो काय? अन् ह्यो काय?' रातच्याला पणजीत हाटेलात बाजा वाजाय लागला, जोड्या नाचाय लागल्या, तर बाळासो धोतराचा सोगा खोचून मधी! मास्तर लाजून टेबलाखाली चष्मा हुडकाय लागलं, खरं चष्मा नाकावरच. मी दारातनं बघून पोट धरून हसलो. मी न्हाय घेतली, बरं का. गाडीवर असताना थेंब न्हाय, अंबाबाईची आण.

वास येतोय? तो आजचा न्हाय हो. कालचा. एक पेला, एकच — आणभाक करून सांगतो, अन् तोबी मागून घेतल्याला न्हवं.

त्येचं असं झालं. काल दुपारी परत येताना घाटाच्या खाली केरबाच्या हातभट्टीवर थांबलो. बाळासोंचा सडका गूळ वर्सानुवर्सं त्येच्याकडंच जातोय, खरं मालक सोता दारात आल्यालं कालच पैल्यांदा. मग काय! भट्टीच्या नळीतनं जी पैली धार पडती, तिचा मान पावण्याचा. आमच्याकडं रीतच हाय तशी. अन् ती न्हाय म्हणायची नसती, म्हणला तर भट्टीवाल्याचं तोंड उतरतंय. बाळासोंनी दोन पेलं घेतलं, मास्तरनं अर्धा, अन् बाळासोंनी आपल्या हातानं भरून माझ्याम्होरं धरला — 'सयाजी, माझा हात मागं फिरवू नगंस.' चार दिवस त्या माणसानं मला आपल्या ताटाशेजारी जेवाय बसीवलंय, पावणं. डायवरला कोण बसीवतंय? घेतला.

चव कसली, नरडं जळालं. रंगाच्या दुकानात वास येतोय बगा, तसला. टिनातलं हुतं म्हणून असंल — कसला टिन? टिन म्हणलो व्हय मी? न्हाय... आता म्हणलो तर म्हणलो. सुतार कपाटाला पॉलिश मारत्यात न्हवं, त्येचं स्पिरीट. भट्टी अजून धार धरीना झालती, अन् पावणं तर पेलं घेऊन बसल्यालं. केरबाला सुचंना. मी पाणी मागाय मागच्या अंगाला गेलतो, तर त्यो टिनातनं कळशीत वतताना दिसला. त्येनं माझ्याकडं बघितलं, मी त्येच्याकडं बघितलं. अन् मी काय बोललो न्हाय. बोलणार कसा? तज्ज्ञ माणूस बसल्यालं म्होरं, अन् डायवरनं सांगायचं, ह्ये पिऊ नका? केरबाची अब्रू माझ्या हातानं घालवायची? वाटलं, थोडंच हाय, कुणाला काय हुतंय.

तुम्ही सारखं मागं वळून बघू नका हो, माझा जीव घाबरा हुतोय. सांगतो की. सकाळी चिमणाबाई स्टँडावर आल्या, बाळासोंच्या मालकीण. जलमात एकटी उंबऱ्याभाईर न पडल्याली बाई, चालत आलती. म्हणाल्या, 'सयाजी, गाडी काढ, ह्यास्नी दवाखान्यात न्यायचंय. रातभर ओकत्यात, अन् उजाडलं तरी म्हणत्यात, दिवा लाव, अंधार का केलाय.' गोव्याचं मासं बाधलं म्हणत हुत्या बिचाऱ्या. मी म्हणलं, आलोच वैनी — अन् तेवढ्यात तुम्ही आला, गगनबावडा म्हणलासा. मी तुमची पिशवी उचलली अन् गाडी सोडली. पळालो, पावणं. दारू प्यायचं परमीट फकस्त बाळासोंचं, माझं न्हाय. पोलीस इचारणार, कुठं पिला, कुणी दिली, कुणी काय बघितलं. त्यास्नी दुसरी गाडी मिळाली असंल की. मिळाली असणारच. खरं बाई डॉक्टरला मासं म्हणूनच सांगणार, अन् डॉक्टर माशावरचंच औशीद देणार.

ह्ये धुकं कवा फाटतंय कुणास धक्कल. नऊ वाजून गेलं की.

काय म्हणलासा?

परत म्हणा. धुकं न्हाय? ऊन पडलंय? कुठं पडलंय? माझ्याम्होरं तर सगळं दूध सांडल्यागत — थांबा. थांबा, गाडी कडंला घेतो. कड कुठं हाय? डावीकडं झाड हाय का? वगळ हाय, वढ्याचा खळगा? आवं, बोला की, मला दिसत न्हाय! ...थांबली. थांबली न्हवं?

मला भ्या वाटतंय, पावणं, लई भ्या वाटतंय. माझी लेक लीला सात वर्सांची हाय. सकाळी निघताना झोपल्याली, तोंडावरनं पांघरूण काढून बघाय गेलतो, म्हणलं ऱ्हाऊ दे, उठंल. संध्याकाळी बघू.

फटफटी येतीया म्होरनं. येतीया न्हवं? कोल्हापुराकडंच चाललीया. हात करा तिला. मागं एकच जागा असंल, तुम्ही बसा. न्हाय, मी न्हाय. मला नेलासा तर मी तितं जाऊन परत गप बसीन, मला ठाऊक हाय मी कसला हाय ते. तुम्ही मोठ्या दवाखान्यात जावा अन् डॉक्टरला सांगा, मासं न्हवं, पॉलिशचं स्पिरीट हाय, सयाजी डायवरनं डोळ्यानं बघितलंय म्हणावं. मास्तरांच्या घरालाबी निरोप द्या. मग माझ्याकडं कुणाला तरी धाडा, सवडीनं धाडा. हितं गाडीत बसून ऱ्हाऊ नका आता, माझ्या तोंडाकडं काय बघताय — उतरा! दार जोरात लावा, म्हंजे तुम्ही गेला ते कळंल मला.