कोऱ्या चहातला तात्या

...आन् वर मलाच म्हणत्यात, 'हैदर, आदी सांगायचं न्हाय व्हय?' काय सांगायचं? माझ्या घरात कुणी मेलं न्हाय, असं गावभर सांगत फिरू? तुमाला सांगतो, मला सोड्यानं दगा दिला न्हाय, उन्हानं दिला न्हाय, दिला तो माझ्या माणसांनी!

शेळगावात माझा फोटू स्टुडिओ. हुता म्हणा. मोबाईल आलं आन् मी पासपोर्ट फोटूपुरता उरलो. मग ह्या वयात नाद लावून घेतला, हातानं फोटू छापायचा. कागदाला औषध लावायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा, की निळाशार फोटू! आमची बायको, शबीना, म्हणती, 'ह्याला कोण इचारतंय?' आन् इचारलं की! दत्तोबानं. माझा लंगोटीयार. त्याच्या वडलांना, माऊलीतात्यांना, पंच्याहत्तर पुरी झाली, रविवारी कार्यक्रम. म्हणाला, 'हैदर, तात्याचा तुझ्या हातचा फोटू पायजे.' आठ वर्सांनी कुणीतरी माझ्या हातचं मागितलं वो! डोळं भरून आलं माझं.

छापला. झकास. तर दत्तोबा म्हणतो, 'बाप निळा का रं? इंचू चावल्यावानी दिसतोय!' म्हणलं, थांब, तपकिरी करून देतो. कसं ते त्याला न्हाय सांगितलं, पर सोपं हाय. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात फोटू दोन मिनिटं बुडवायचा, निळा रंग पळतो, चेहरा फिका पिवळा पडतो. मग कडक कोऱ्या चहात तासभर ठेवायचा, की तोच चेहरा तपकिरी होऊन माघारी येतो. दोनच मिनिटं बरं का सोड्यात. जास्त झालं की माणूस गेला.

आता चहा करायचा कशात? शबीना म्हणाली, 'माझ्या पातेल्याला हात लावून तर बघा!' मग गेलो द्वारकाबाईच्या टपरीवर. म्हणलं, 'दोन किटल्या कोरा चहा, कडक, घरी पाठवा.' तुमाला सांगतो, द्वारकाबाई म्हंजे तोंडाचा पट्टा! ऊस कुणाचा तुटला, सून कुणाची रुसली, सगळं तिच्याकडं. पर त्या दिवशी बाई गप. माझ्याकडं बघितलं, डोळ्याला पदर लावला, आन् किटली चुलीवर चढवली. तवाच कळायला पायजे हुतं! आपल्याकडं दोन किटल्या कोरा चहा कुठल्या घरी जातो? सांगा की! जिथं मयतानं चूल बंद हाय तिथंच ना? पर माझ्या डोक्यात नुसता तात्या. जिता तात्या! माझी पाठ वळली आन् बाईचं तोंड सुटलं, ते गावभर!

मी मागच्या न्हाणीत. फोटू सोड्यात सोडला, घड्याळ लावलं... आन् अंगणातनं हंबरडा! पळत भाईर आलो, तर सतरंजीवर पंचवीस माणसं! वडगाव निंबाळकरची आमची वहिदाखाला रिक्षातनं उतरती ती छाती बडवतच. शबीना तिच्या गळ्यात, 'माझ्या माहेरचं कोण गेलं, ते लपवताय तुमी!' आन् मी भाईर आलो की सगळी उठून माझ्याच गळ्यात! 'धीर धर हैदर.' 'हातात काय असतं का आपल्या?' कोण गेलं म्हणून एक जण इचारील तर शपथ! इचारायचं कसं, वाईट दिसतंय! मग मला वाटलं, खरंच कोणतरी गेलं आन् मलाच सांगितलं न्हाय. मी पण रडलो! कुणासाठी ते ठावं न्हाय, पर मनापासनं रडलो.

रडता रडता डोळं पुसलं, तर समोर दत्तोबा. किटली हातात. 'घ्या, घ्या, घोटभर तरी घ्यावा लागतो.' माझा लंगोटीयार, माझाच चहा वाटतोय! आन् पुढच्या रांगेत कोण बसलंय? माऊलीतात्या! दुसरा कप. बशीत वतून फुंकर मारत्यात! आवं, माणूस स्वतःचा चेहरा फुर्र फुर्र करून पितोय, आन् मी बघतोय!

वराडलो मी, 'दत्त्या, तुझ्या बापाला बुडवायचं हुतं त्यात!'

तात्यांनी बशी खाली ठेवली.

पळत न्हाणीत गेलो. दोन मिनिटांची चाळीस झाल्याली. कागदावर तात्या न्हाईतच! नुसत्या मिशा, त्या पण पिवळ्या. तरी जीव ऱ्हाईना. कडक चहा मिळाला तर निदान मिशा वाचतील! भाईर आलो, दोनी किटल्या उपड्या केल्या, थेंब न्हाय. कुणी मेलं न्हाय, चहा फोटूचा हुता म्हणून सांगितलं, तशी माणसं कपडं झाडत उठली, 'कुणी गेलं न्हाय तर बोलवायचं कशाला?' म्हणत निघाली. शबीना भांडून माहेरी गेली, आन् सगळी जिती हायत का मोजून आली. सांगतो ना, सोड्यानं दिला न्हाय एवढा दगा माणसांनी दिला!

सांजच्याला दत्तोबा आला. मान खाली. हातात ही मोठी किटली. म्हणाला, 'चुकलं गड्या. हा घरनं करून आणलाय, माझ्या हातानं. लई कडक हाय. घाल तात्याला.' तुमाला सांगतो, राग सगळा गेला माझा. शेवटी यार तो यार! मिशांचा कागद ताटलीत मांडला, किटलीचं झाकाण काढलं...

दूध! आलं, इलायची, वर साय!

म्हणलं, 'दत्त्या, कोरा पायजे हुता रं, कोरा!'

तर माझ्यावरच डोळं वटारतो! 'जित्या माणसाला कोरा चहा घालू व्हय? बाप हाय माझा!'

कागद बाजूला ठेवला, दोन कप काढलं, बसलो पायरीवर... साखर जरा जास्त पडली हुती.